चक्षूचा किरण आणि दिव्याचा प्रकाश

अंधाऱ्या रात्री मांजराचे डोळे चमकतात, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ती एका महत्त्वाच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून आली आहे. डोळ्यातून तेजाचे किरण बाहेर पडतात, ते पदार्थाला जाऊन भिडतात आणि म्हणून पदार्थ दिसतो, असे नैयायिकांचे मत होते. मनुष्याच्या डोळ्यातून असे किरण निघताना कोणाला दिसत नाहीत, ही अडचण प्रतिपक्षाने उभी केली, तेव्हा सूत्रकारांनी निशाचर प्राण्यांकडे बोट दाखविले. आणि भाष्यकार वात्स्यायनांनी तेथे मांजराचा उल्लेख केला. मांजराच्या दृष्टिपटलामागे एक परावर्तक थर असतो, बाहेरून आलेला प्रकाश तो परत फेकतो आणि संपूर्ण काळोखात मांजराचा डोळा मुळीच चमकत नाही, हे आता ठाऊक झाले आहे. पुरावा गेला, आणि त्यामागोमाग सिद्धांतही गेला. परंतु हा सिद्धांत हजारांहून अधिक वर्षे अत्यंत चिकित्सक बुद्धीच्या माणसांनी का सांभाळला, आणि भारतापासून अलेक्झांड्रियापर्यंत इतक्या दूरदूरच्या विचारवंतांना तो का पटला, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाकडे सहसा लक्ष जात नाही. प्राचीनांच्या प्रकाशविचाराकडे पाहण्याच्या दोनच रीती रूढ झाल्या आहेत. एक उपहासाची. डोळा म्हणजे काय मशाल आहे, असे म्हणून वाचक पान उलटतो. दुसरी अभिमानाची. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्तावर भाष्य करताना सायणाचार्यांनी अर्ध्या निमिषात २२०२ योजने हा आकडा उद्धृत केला आहे. योजनाचे व निमिषाचे सोयीचे माप धरून त्यातून प्रकाशाचा वेग काढून दाखविण्याची एक प्रथाच पडून गेली आहे. वस्तुतः तो उल्लेख आकाशातून क्रमण करणाऱ्या सूर्याला केलेल्या नमनातील आहे; शिवाय योजनाची लांबी आणि निमिषाचा काळ ही दोन्ही ग्रंथागणिक बदलतात, त्यामुळे गणित करणारा हवे ते उत्तर आधी ठरवून मागे जाऊ शकतो. उपहास व अभिमान या दोहोंतही एक दोष समान आहे. प्राचीन ग्रंथकार कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होता, हे दोघेही विचारीत नाहीत.

नैयायिकांचा प्रश्न प्रकाशाचा नव्हता. तो ज्ञानाचा होता. इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षातून उत्पन्न होणारे ते प्रत्यक्ष, ही त्यांची भूमिका. जीभ रसाला भिडते, त्वचा स्पर्शाला भिडते, घ्राणापर्यंत गंध येऊन पोहोचतो. मग डोळ्याचे काय? समोरचा पर्वत डोळ्यापर्यंत येत नाही. तो जेथे आहे तेथेच राहून ज्ञात होतो. संनिकर्ष सोडून दिला तर भिंतीपलीकडचा घट का दिसत नाही, याचे उत्तर देता येत नाही. आणि ज्ञान वस्तूला स्पर्श न करताच होते असे एकदा मानले, की ते वस्तूचेच ज्ञान आहे याची हमी कोण देणार? म्हणून इंद्रियानेच पदार्थाकडे जावयाचे. डोळा हे प्राप्यकारी इंद्रिय, म्हणजे विषयाला प्राप्त होऊन, त्याला गाठून काम करणारे इंद्रिय, असे ठरले. बाह्य जगाच्या सत्यतेवरील दृढ श्रद्धेने हा किरण डोळ्यातून बाहेर काढला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढची मांडणी या एका आवश्यकतेतून निघते. डोळा रूपाचे ग्रहण करतो, रूप प्रकट करणे हा तेजाचा धर्म, म्हणून चक्षू तैजस. एवढ्याशा डोळ्याला वटवृक्षही दिसतो आणि त्याचे बीजही दिसते. लहान दिव्याची प्रभा सगळे घर भरून टाकते, तशी चक्षूची प्रभा पसरत जाते. मग ती दिसत का नाही? भर दुपारी उल्केचा प्रकाश दिसत नाही तशी, हे एक उत्तर. परंतु उल्का रात्री दिसते, चक्षूचा किरण रात्रीही दिसत नाही, हा आक्षेप सूत्रांतच नोंदलेला आहे, आणि त्याच्या निराकरणासाठी न्यायपरंपरेने जे वर्गीकरण सिद्ध केले ते फार मार्मिक आहे. रूप आणि स्पर्श या तेजाच्या दोन गुणांपैकी सूर्यकिरणांत दोन्ही उद्भूत, म्हणजे प्रकट, असतात. दिव्याच्या दूर पसरलेल्या प्रभेत रूप उद्भूत, पण उष्ण स्पर्श अनुद्भूत. तापलेल्या पाण्यातील तेजात उष्णता प्रकट, रूप अप्रकट. चौथा प्रकार राहतो तो दोन्ही अप्रकट असण्याचा. चक्षूचा किरण हा तो चौथा प्रकार. न दिसणारी उष्णता आणि दिसणारा प्रकाश एकाच द्रव्याचे असू शकतात, हे येथे तर्काच्या बळावर जवळजवळ सहज मान्य झाले आहे. त्यातून कोणी अवरक्त किरणांचा शोध वाचू नये. पण कोष्टकातील एक रिकामे घर भरण्यासाठी केलेली ही योजना निव्वळ कल्पनाविलास नाही, हेही नाकारता येणार नाही.

बौद्ध आचार्यांनी हा किरण मानला नाही. चक्षू आपल्या विषयाला गाठत नाही, हे मत वसुबंधूंनी अभिधर्मकोशात मांडले. डोळा जर भिडून पाहत असेल, तर त्याला अगदी चिकटलेले काजळ त्याला आधी दिसले पाहिजे. ते तर दिसत नाही. आणि न गाठता पाहतो तर मग सर्वच का दिसत नाही, असे कोणी विचारले तर लोहचुंबकाचे उदाहरण तयार होते. चुंबक लोखंडाला न शिवता ओढतो, म्हणून तो जगातील सगळे लोखंड ओढीत नाही. दिङ्नागांनी आणखी नेमके बोट ठेवले. इंद्रिय विषयाला भिडत असते तर दूरत्वाचे ज्ञान झाले नसते आणि इंद्रियापेक्षा मोठी वस्तू दिसली नसती. डोळ्याचे अप्राप्यकारित्व जैनांनीही मान्य केले. या वादातील सर्वांत सुंदर आक्षेप शाखा आणि चंद्र यांचा आहे. झाडाच्या फांदीआड चंद्र आहे. किरण चालत जात असेल तर त्याने आधी फांदी गाठली पाहिजे आणि चंद्र फार उशिरा. परंतु डोळे उघडताच दोन्ही एकदम दिसतात. नैयायिकांचे उत्तर असे, की ती एकदम दिसतच नाहीत. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुईने भोसकल्या, तर त्या एकाच क्षणी भोसकल्यासारख्या वाटतात, पण प्रत्येक पाकळी आपापल्या क्षणी छेदली गेलेली असते.

हाच पेच नागार्जुनांनी दिव्यावर घालून दाखविला. दिवा अंधाराचा नाश करतो असे म्हणतात. पण दिवा आणि अंधार यांची गाठ कधी पडते? दिवा उत्पन्न होत असताना तो अंधाराला गाठू शकत नाही, आणि न गाठताच त्याने अंधार नाहीसा केला असेल तर येथे लावलेल्या एका दिव्याने सगळ्या जगातला अंधार जावयास हवा. तर्क शून्यतेच्या प्रतिपादनासाठी आहे, प्रकाशशास्त्रासाठी नाही. तरीही डोळा असो वा दिवा, भारतीय विचारात प्रकाशाची चर्चा पुनःपुन्हा प्राप्तीच्या प्रश्नापाशी येऊन थांबते, हे त्यावरून स्पष्ट होते. अंधाराविषयीचा वादही त्याच अंगाने गेला. वैशेषिकांना तो प्रकाशाचा अभाव वाटला, भाट्ट मीमांसकांना काळे रूप आणि गती असलेले द्रव्य वाटला, आणि जैनांनी तम, छाया, आतप व उद्योत या सर्वांना पुद्गलाचे परिणाम मानून उष्ण व शीतल प्रकाशाला दोन निराळी नावे दिली.

ग्रीसमध्ये या चर्चेचा प्रारंभ थेट डोळ्यातील अग्नीपासून होतो. वादळी रात्री बाहेर पडणारा माणूस कंदिलाला आवरण घालतो, तसा डोळ्यातील अग्नी पातळ पडद्यांत सुरक्षित ठेवलेला आहे, अशी एम्पिडोक्लिजची उपमा होती. प्लेटोने ‘तिमायस’ संवादात या अग्नीला दिवसाच्या प्रकाशाची जोड दिली. डोळ्यातून निघणारा सौम्य अग्नी बाहेरच्या सजातीय प्रकाशात मिसळतो, दोहोंचा एक देह बनतो आणि त्याच्या द्वारा वस्तूचा आघात आत्म्यापर्यंत पोहोचतो. याच्या उलट परमाणुवाद्यांच्या मते वस्तूंवरूनच पातळ प्रतिमा सारख्या सुटत असतात व त्या डोळ्यात शिरतात. ॲरिस्टॉटलला हे दोन्ही पक्ष मान्य नव्हते. डोळा कंदील असेल तर अंधारात का दिसत नाही, हा त्याचा प्रश्न न्यायसूत्रांतील रात्रीच्या आक्षेपाशी थेट नाते सांगणारा आहे. त्याच्या मते प्रकाश हा कोठून कोठे जाणारा पदार्थच नाही. हवा, पाणी यांसारख्या पारदर्शक माध्यमाची ती एक सिद्ध अवस्था होय. ती आली की आली. तिला प्रवास करावा लागत नाही.

येथे ग्रीक आणि भारतीय विचारांतील एक विलक्षण जोडी समोर येते. प्रकाशाला वेळ लागतो असे एम्पिडोक्लिजचे मत होते. त्यावर ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे, की थोड्या अंतरात ही गती आपल्या लक्षातून निसटली असती. परंतु पूर्व क्षितिजापासून पश्चिमेपर्यंतच्या अफाट अंतरातही ती निसटते असे मानणे म्हणजे फारच मोठी सूट मागणे होय. म्हणून गती नाहीच. किरणावलीत उदयनाचार्यांपुढेही तीच सकाळ आहे. सूर्य पूर्वाचलाच्या माथ्यावर टेकतो न टेकतो तोच घराच्या आत उजेड झालेला असतो, असे लोकांना वाटते. पण उदयनांचा निष्कर्ष नेमका उलटा आहे: तेज इतके हलके आहे, की त्याचा वेग अचिंत्य आहे. वेग आहे, तो मनाने मोजता येत नाही, इतकेच. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९१५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या स्थळाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. एकच दृश्य, आणि त्यातून दोन विरुद्ध सिद्धांत. दोघांनाही त्या दृश्याने काही शिकविले नाही. दोघांनी आपापली तत्त्वमीमांसा त्यात पाहिली. उदयनांना तेज हे द्रव्य मानावयाचे होते, आणि द्रव्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तर त्याला क्रिया हवी, क्रियेला काळ हवा. ॲरिस्टॉटलला प्रकाश हे द्रव्य नको होते. आज उदयनांचे उत्तर बरोबर ठरते. पण १६७६ मध्ये गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून रोमरने प्रकाशाला वेळ लागतो हे दाखविले, त्या प्रकारचा आधार उदयनांपाशी नव्हता. बरोबर उत्तर आणि सिद्ध उत्तर यांत फार मोठे अंतर असते.

न्यायभाष्यातील आणखी एक स्थळ असेच थबकावयास लावणारे आहे. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्याआडची वस्तू दिसते. मग संनिकर्ष कोठे राहिला, असा आक्षेप येतो. उत्तर असे, की भिंत किरणाला अडविते, स्फटिक अडवीत नाही. सूर्याचे किरणही स्फटिकापलीकडच्या वस्तूला जाळतातच. आरशाचेही स्पष्टीकरण आहे. आरशावर आदळून चक्षूचा किरण उलटतो आणि पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच मुखाला येऊन भिडतो, म्हणून प्रतिबिंब दिसते. आता हाच आरसा अलेक्झांड्रियात पाहावा. हेरॉनही किरण डोळ्यातूनच काढतो. डोळे उघडताच तारे दिसतात म्हणून तो किरण अतिवेगवान असला पाहिजे, असेही तो सांगतो. परंतु त्याचा पुढचा प्रश्न निराळा आहे. किरण किती कोनात उलटतो? समान कोनात, कारण तोच सर्वांत आखूड मार्ग. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास डोळ्याला शंकूचे टोक कल्पून दृष्टीची भूमिती रचली होती. टॉलेमीने दुसऱ्या शतकात हवा, पाणी व काच यांच्यामधील वक्रीभवनाच्या कोनांची कोष्टके तयार केली. त्या आकड्यांतील फरक इतके नियमित आहेत, की काही नोंदी मोजलेल्या असण्यापेक्षा जुळवून घेतलेल्या असाव्यात, असे आजचे इतिहासकार म्हणतात. तरी मोजण्याची इच्छा तेथे निश्चितच होती.

भारतात भूमिती नव्हती असे मुळीच नाही. आर्यभटाने दिव्याची उंची, शंकू आणि त्याची छाया यांचे गणित दिले. ब्रह्मगुप्तापासून लीलावतीकार भास्कराचार्यांपर्यंत छायाव्यवहार हे गणिताचे स्वतंत्र प्रकरणच होते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जो मठ स्थापिला, तेथेही ते शिकविले गेले असणारच. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे या सर्व गणिताचे गृहीत आहे. वराहमिहिराने तर चंद्राच्या उजेडाचे वर्णन करताना आरशावर पडलेले सूर्यकिरण घरातला अंधार घालवितात ही उपमा योजिली आणि इंद्रधनुष्य म्हणजे ढगाळ आकाशात वाऱ्याने विखुरलेले सूर्याचेच विविधवर्णी किरण, असे सांगितले. म्हणजे ज्योतिषी किरण रेखीत होते, पण त्यांच्या गणितात डोळा नव्हता; आणि नैयायिक डोळ्याचा विचार करीत होते, पण त्यांच्या विचारात कोन नव्हता. एकाच भाषेत लिहिणाऱ्या या दोन शास्त्रांची गाठ पडली नाही. प्राप्तीच्या प्रश्नाला कोनाची गरज नसते. किरण वस्तूला भिडला की नाही, एवढेच तेथे निर्णायक. वस्तूचा वरचा भाग वर आणि खालचा भाग खाली कसा दिसतो, तिच्या अवयवांची मांडणी डोळ्यापर्यंत कशी टिकून राहते, हा प्रश्न युक्लिडच्या शंकूने अपरिहार्य केला. न्यायशास्त्रात तो उद्भवलाच नाही. कारण ज्ञान वस्तूपाशीच होत असेल, तर मांडणी वाहून आणावयाची गरज काय?

ग्रीकांचा हा ठेवा अरबी भाषेत गेला तेव्हा त्याबरोबर भांडणेही गेली. नवव्या शतकात अल्-किंदीने चक्षूच्या किरणाचा कैवार घेतला. प्रतिमा डोळ्यात शिरत असत्या तर कडेकडून पाहिलेले वर्तुळही वर्तुळच दिसले असते. ते सरळ रेषेसारखे दिसते, म्हणून दृष्टीचे नियम भूमितीचेच आहेत, असा त्याचा युक्तिवाद. उलटपक्षी इब्न सीनाने (९८० ते १०३७) विचारले, की एवढ्याशा डोळ्यातून निघून अर्धे आकाश भरून टाकणारा हा पदार्थ कोणता? भूमिती एका पक्षाकडे आणि पदार्थविज्ञान दुसऱ्या पक्षाकडे, अशी ही वाटणी होती.

ती मोडली इब्न अल्-हैथमने. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा गणिती उदयनाचार्यांचा साधारण समकालीन होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्या ‘किताब अल्-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथाचा आरंभ अगदी साध्या अनुभवाने होतो. प्रखर प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो. तेथून दृष्टी अंधाराकडे वळविली तरी त्या प्रकाशाचा ठसा काही काळ राहतो. म्हणजे प्रकाश डोळ्यावर काही करतो. मग चक्षूच्या किरणाचे काय? तो बाहेर गेला, तरी वस्तूकडून त्याला काहीतरी परत आणावे लागणार. जे परत येते ते पुरेसे असेल, तर जाणे व्यर्थ आहे. नैयायिकांना या युक्तिवादाने फारसे हलविले नसते. त्यांचा किरण हा निरोप आणणारा दूत नसून लांबवर पोहोचलेले इंद्रियच होते. परंतु ज्यांना मांडणीचा हिशेब द्यावयाचा होता, त्यांना हा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता.

इब्न अल्-हैथमने किरण टाकून दिला, पण रेषा ठेवली. गणित्यांचे शंकू आणि कोन जसेच्या तसे राहिले, फक्त दिशा उलटली. प्रकाशित पदार्थाच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना प्रकाश पसरतो, असे त्याने सांगितले. तेथे लगेच नवा पेच आला. प्रत्येक बिंदूचा प्रकाश डोळ्याच्या प्रत्येक भागावर पडणार. मग सगळे एकात एक मिसळून का जात नाही? त्याने काही दिवे एका अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर ओळीने ठेविले. पलीकडच्या भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जाई, उघडला की परत येई. म्हणजे एकाच छिद्रातून जाऊनही प्रकाश हवेत मिसळत नाही. डोळ्याच्या बाबतीत त्याने असे ठरविले, की पृष्ठभागावर लंब पडणारा किरणच प्रभावीपणे आत जातो, बाकीचे वळून दुबळे होतात. हे उत्तर पुढे टिकले नाही. पण या प्रयोगात प्रथमच दिवा हा दिवा म्हणून तपासला गेला, हे त्याचे खरे महत्त्व. नागार्जुनांचा दिवा दृष्टांत होता, नैयायिकांचा दिवा उपमान होता. येथे दिवा झाकून पाहिला, उघडून पाहिला, मोजला. प्रकाशाला गती असून तिला काळ लागतो, हे मतही त्याने स्वीकारले.

हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. तेराव्या शतकात रॉजर बेकन, विटेलो, पेकॅम यांनी त्याच्यावर आपली शास्त्रे उभारली. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी इराणात कमालुद्दीन अल्-फारिसीने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलातून इंद्रधनुष्याचा उलगडा केला आणि त्याच सुमारास युरोपात फ्रायबर्गचा थिओडोरिक स्वतंत्रपणे त्याच उत्तराला आला. युरोपात विटेलोच्या ग्रंथाची पुरवणी म्हणून १६०४ साली केप्लरने जे पुस्तक लिहिले, त्यात डोळ्याचे कोडे सुटले. लंब किरणांची निवड करावी लागत नाही. एका बिंदूपासून आलेले सगळे किरण नेत्रभिंगातून वळून दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत येतात, आणि तेथे जगाचे लहानसे, उलटे चित्र उमटते.

त्यापुढे केप्लर गेला नाही. हे चित्र आत्म्यापुढे कसे मांडले जाते, हे ठरविण्याचे काम त्याने निसर्गतत्त्वज्ञांवर सोपविले. चित्र लहान आहे, दिसणारा पर्वत मोठा आहे. चित्र उलटे आहे, पर्वत सुलटा दिसतो. चित्र डोळ्याच्या आत आहे आणि पर्वत तेथे, दूर, क्षितिजापाशी आहे. त्या ‘तेथे’साठीच अक्षपाद गौतमांनी डोळ्यातून किरण बाहेर काढला होता.